फायलींचीं नांवें आणि नाक्यावरचा अधिकार

भिवंडी शहराभोंवतीं कोसच्या कोस पसरलेलीं गोदामें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना गांठीवरच्या मार्क्याचें महत्त्व सांगावयास नको. यंत्रमागावरून उतरलेल्या कापडाचे तागे होतात, ताग्यांच्या गांठी बांधल्या जातात, आणि गांठीच्या वेष्टनावर शाईनें चार अक्षरें व कांहीं आंकडे उमटवितात. आंत काय आहे हें हमालास ठाऊक नसतें, गोदामवाल्यासही पुष्कळदां नसतें. सारा व्यवहार त्या मार्क्यावर चालतो. मार्का वाचतां आला नाहीं तर गांठ हरवली असेंच समजावें, मग ती डोळ्यांसमोर पडलेली कां असेना. हीं गोदामें येथें वाढलीं त्याचें एक कारण असें कीं, हें ठिकाण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर होतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली; परंतु नाक्यावर बसून 'हा मार्का आमच्या वहींत बसत नाहीं, माल परत न्या' असें सांगणारा कारकून जुन्या व्यापाऱ्यांच्या स्मरणांतून गेलेला नाहीं.

संगणकांत सांठविलेली प्रत्येक फाईल ही अशीच एक गांठ होय. आंतला मजकूर पत्र असो, हिशेब असो वा छायाचित्र असो, बाहेरून ती ओळखावयाची ती नांवावरून. ह्या गांठी कोणत्या क्रमानें रचावयाच्या व कशा शोधावयाच्या, ह्या मांडणीस फाईल सिस्टिम म्हणतात. आणि त्या मांडणीच्या दारावर बसून येणारी-जाणारी प्रत्येक फाईल हाताळणारी जी आज्ञावली, ती तिचा ड्रायव्हर. ह्या दारावरच्या कारकुनानें नांवांतील अक्षरें तपासावीं कीं नाहीं, आणि तपासून एखादें नांव नाकारलें तर तो निर्णय फिरविण्याचा अधिकार संगणकाच्या व्यवस्थापकास असावा कीं नाहीं, हा आजचा विषय आहे. तो तांत्रिक वाटेल. परंतु ज्या घरांत आजोबांचा पत्रव्यवहार, मुलांचीं छायाचित्रें आणि दुकानाचा जमाखर्च एकाच यंत्रांत आहे, त्या घराचा त्याच्याशीं आज ना उद्यां संबंध येतोच.

युनिक्स आणि तिच्याच वळणाची लिनक्स यांची जुनी परंपरा अशी कीं, दारावरचा कारकून निरक्षर असावा. नांव म्हणजे बाइटांची एक रांग. तींत शून्य हा बाइट नसावा आणि तिरपी रेघ नसावी, एवढ्या दोनच अटी. अक्षरें कोणत्या लिपीचीं, तीं कोणत्या संकेतानें लिहिलीं, ही चौकशी नाहीं. लिनक्सच्या नेहमींच्या एक्स्ट-४ मांडणींत नांवाची लांबी मात्र २५५ बाइटांपलीकडे जात नाहीं. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास यूटीएफ-८ ह्या संकेतांत तीन लागतात. म्हणजे इंग्रजी नांव २५५ अक्षरें चालतें तेथें मराठीस ८५ चिन्हांवर थांबावें लागतें. 'भिवंडी' हाच शब्द घेतला तर भ, पहिली वेलांटी, व, अनुस्वार, ड आणि दुसरी वेलांटी मिळून ६ चिन्हें व १८ बाइट होतात. रोमन लिपींत त्याच गांवाचें काम ८ बाइटांत उरकतें. ही यूटीएफ-८ ची युक्ति केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं सप्टेंबर १९९२ मध्यें न्यू जर्सींतील एका खाणावळींत बसून जुळविली. युक्ति मोठी सुबक आहे यांत संशय नाहीं. मराठीवर बसणारी ही तिप्पट पट्टी त्या जेवणाच्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आली असेल, असें मात्र वाटत नाहीं. असो.

निरक्षर कारकुनाचा एक मोठा गुण असा कीं, तो कोणासही परत पाठवीत नाहीं. मराठीला ह्या गुणाची गरज इतरांपेक्षां अधिक आहे; कारण संगणकावर मराठी ही एका संकेतानें कधींच लिहिली गेली नाहीं. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें जिस्ट ह्या तंत्राचा पाया घातला गेला, तें पुढें पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेकडे आलें. आणि भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें इस्की नांवाचा संकेत प्रमाण म्हणून जाहीर केला. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीस १२८ जागांचा एक वाडा मिळाला, व त्याची आंतली रचना इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली होती. याखेरीज छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत तिसराच एक प्रघात पडला. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले टंक, म्हणजे फाँट, विकत मिळूं लागले. अशा टंकांत मजकूर देखणा उमटे. परंतु फायलींची यादी यंत्र आपल्या स्वतःच्या टंकांत दाखवी, तेथें मराठी नांवाच्या जागीं रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. म्हणूनच त्या काळांतल्या पुष्कळ मराठी फायलींचीं नांवें रोमन लिपींत आहेत. टंकलेखकानें आंत शुद्ध मराठी लिहावयाचें आणि बाहेर इंग्रजी अक्षरांत 'निवेदन-१' असें नांव घालावयाचें, ही तडजोड एका पिढीच्या अंगवळणीं पडली.

आतां अशी कल्पना करावी कीं, एखाद्या जुन्या पेढीची तबकडी नव्या यंत्रावर उतरवावयाची आहे, आणि तींतलीं कांहीं नांवें इस्कींत लिहिलेलीं आहेत. इस्कींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह एकाच बाइटाचें, आणि तो बाइट १६० च्या वरचा. यूटीएफ-८ च्या व्याकरणांत असला बाइट एकटा उभा राहूंच शकत नाहीं. त्याच्यामागें-पुढें ठराविक सोबती लागतात. दारावरचा कारकून निरक्षर असेल तर तो हें नांव जसेंच्या तसें आंत घेईल. पडद्यावर तें विचित्र दिसेल, पण माल आंत येईल. कारकून साक्षर आणि शिस्तीचा असेल तर तो म्हणेल, हें नांवच नव्हे; आणि गांठ परत फिरवील.

असा साक्षर कारकून आज दोन-तीन ठिकाणीं बसलेला आहे. सन कंपनीनें घडविलेल्या झेडएफएस मांडणींत 'फक्त यूटीएफ-८' असा एक गुणधर्म आहे. तो लागू असला म्हणजे त्या संकेतांत न बसणारें नांव साफ नाकारलें जातें. हा गुणधर्म सांठ्याचा विभाग निर्माण करतांनाच ठरवावा लागतो. पुढें तो बदलतां येत नाहीं. लिनक्सच्या एक्स्ट-४ मध्यें जुलै २०१९ मध्यें निघालेल्या ५.२ ह्या आवृत्तीपासून लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद न मानणारे कप्पे करण्याची सोय आली. त्या सोयीसाठीं नांव वाचतां येणें भाग होतें, म्हणून कारकून लिहावाचावयास शिकला. येथें मात्र रचनाकारांनीं शहाणपणा दाखविला. कडक शिस्त ही त्यांनीं सक्तीची केली नाहीं. व्यवस्थापक मागेल तरच ती लागू होते. न मागितल्यास चुकीच्या संकेताचें नांव हें केवळ बाइटांची रांग समजून ठेवून घेतलें जातें.

नाकारण्यापेक्षांही वाईट असा एक प्रकार आहे, आणि तो म्हणजे मुकाट्यानें वगळणें. पायथन ह्या लोकप्रिय संगणकभाषेच्या ३.० आवृत्तींत एखाद्या कप्प्यांतील फायलींची यादी अक्षररूपानें मागितली, तर ज्यांचीं नांवें उलगडत नसत त्या फायली यादींतून गाळल्या जात. चूक झाल्याची सूचना नाहीं, कांहीं नाहीं. त्या यादीवरून कोणी सर्व कागदांची दुसरी प्रत काढली तर ती अपुरी निघावयाची, आणि तें कळावयाचें केव्हां, तर मूळ तबकडी बिघडल्यावर. २००९ मध्यें ३.१ आवृत्तींत हा दोष दूर झाला. न उलगडणारा बाइट विशिष्ट खूण लावून जपून ठेवावा व परत लिहितांना जसाच्या तसा द्यावा, अशी योजना आली. पेन ड्राइव्हवर नेहमीं आढळणाऱ्या फॅट मांडणीचा लिनक्समधील ड्रायव्हरही असाच एके काळीं पुष्कळांस छळीत असे. योग्य संकेत सांगितला नाहीं तर देवनागरी नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची ओळ दिसे, आणि त्या नांवानें फाईल उघडूं गेल्यास अशी फाईल नाहीं असें उत्तर मिळे. त्या ड्रायव्हरनें व्यवस्थापकाच्या हातीं एक किल्ली ठेवलेली आहे. ती फिरविली कीं, न मावणाऱ्या प्रत्येक चिन्हाऐवजीं अपूर्णविराम व त्यापुढें त्या चिन्हाचा षोडशमान क्रमांक लिहिला जातो. 'भिवंडी'तल्या 'व'च्या जागीं ०९३५ असे आंकडे येतात. हें वाचावयास कुरूप आहे खरें. पण त्यावरून मूळ अक्षर पुन्हा मिळवितां येतें, प्रश्नचिन्हावरून तें मिळत नाहीं.

येथवरचा प्रश्न संकेताबाहेरच्या नांवांचा झाला. मराठीची खरी अडचण संकेताच्या आंत आहे, आणि ती समजण्यास शाळेंतल्या व्याकरणाच्या तासाकडे वळावें लागतें. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास मजुरी दिली' हीं दोन वाक्यें मराठी शिक्षक पिढ्यान् पिढ्या फळ्यावर लिहीत आले. पहिल्यांत रफार आहे, दुसऱ्यांत र-ची ती आडवी, वांकडी रेघ. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. हा भेद मराठीचा जिव्हाळ्याचा आहे. युनिकोडमध्यें ह्या दुसऱ्या र-साठीं ०९३१ क्रमांकाचें अक्षर आहे. पण तक्त्यांत त्याची ओळख करून दिलेली आहे ती द्राविड भाषांतील एका र-चें लिप्यंतर करण्याचें अक्षर म्हणून, आणि मराठीचा ज्याच्याशीं रोजचा संबंध तें अर्धें रूप पुढच्या टिपेंत आलें आहे. शेतकऱ्यापासून बिऱ्हाडापर्यंत ज्याच्यावांचून आमचें पान हलत नाहीं, त्याची ही वासलात!

ह्या एका रेघेचें लेखन तीन तऱ्हांनीं होतें. एक, ०९३१ हें सबंध अक्षर आणि त्यापुढें हलन्त. दुसरी, साधा र, त्याखालीं नुक्ता, मग हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढें अक्षरें जोडणारें एक अदृश्य चिन्ह. ही तिसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून मान्य केलेली आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर मोठ्या जे अक्षराची कळ दाबली असतां पहिलें रूप येतें. इतर साधनांतून तिसरेंही येतें. डोळ्यांस तिन्ही सारखींच. निरक्षर कारकुनाला मात्र तीं तीन वेगळीं नांवें वाटतात, आणि 'शेतकऱ्यांची यादी' ह्या एकाच नांवाच्या तीन फायली एका कप्प्यांत सुखानें नांदूं शकतात. कोणती खरी, हें शोधतां शोधतां माणूस थकतो.

मग साक्षर कारकुनानें हा घोळ मिटविला असेल, असें कोणासही वाटेल. त्यानें अर्धा मिटविला आणि अर्धा वाढविला. नांवें ताडून पाहण्यापूर्वीं तो प्रत्येक नांव एका ठराविक रूपांत फोडतो. त्यायोगें पहिलें व दुसरें लेखन एक ठरतें, हें योग्यच झालें. परंतु अदृश्य चिन्हांच्या आडून कोणी फसवणूक करूं नये म्हणून एक्स्ट-४ च्या ह्या खास कप्प्यांत तुलना करतांना तीं चिन्हें वगळण्याचा नियम आहे. तिसऱ्या रीतीनें लिहिलेल्या 'दऱ्या'तून तें जोडणारें चिन्ह काढलें कीं काय उरतें? र, हलन्त आणि य. म्हणजे 'दर्या'! समुद्र आणि दरी एक झाली; आचारी आचार्यांच्या आसनावर जाऊन बसला. दिसण्यांत जीं नांवें एक, तीं यंत्राला दोन वाटतात. आणि दिसण्यांत जीं दोन, तीं यंत्र एक समजतें. जी सोय रोमन लिपीच्या लहान-मोठ्या अक्षरांसाठीं केली, जो भेद देवनागरींत मुळींच नाहीं, तिच्यापायीं मराठीचा असलेला भेद जावा, हा न्याय खासा म्हटला पाहिजे. ही गोष्ट मोठ्या कचेऱ्यांपुरतीही नाहीं. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्यें समाईक सांठ्याचे कप्पे ह्याच पद्धतीचे असतात.

भिवंडीसारख्या गांवांत ह्यांत आणखी भर पडते. येथें मराठीच्या शेजारीं उर्दू नांदते, मागांवर काम करण्यासाठीं तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू नांदते. उर्दू नांवें देवनागरींत लिहितांना ज-खालीं आणि फ-खालीं नुक्ता येतो. युनिकोडमध्यें नुक्त्यासह सबंध ज-लाही एक क्रमांक दिलेला आहे. परंतु अक्षरें जोडून लिहिण्याच्या प्रमाणरूपांतही तो क्रमांक टिकत नाहीं, त्याचे ज आणि नुक्ता असे दोन तुकडे होतातच. म्हणजे ०९३१ चा र जोडरूपांत सबंध राहतो आणि ज मात्र फुटतो. असा पंक्तिप्रपंच कां, याचें उत्तर संकेत घडविणाऱ्यांच्या जुन्या ठरावांत आहे. तो ठराव आतां फिरावयाचा नाहीं. जुन्या वळणाचें अनुस्वारयुक्त 'नांव' आणि १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतरचें 'नाव' हीं मात्र कोणताही कारकून एक मानीत नाहीं, आणि मानूंही नयेत. तें काम माणसाचें आहे.

नियम एकदां लागू झाल्यावर तो सरसकट बदलणें किती अवघड, याचा अनुभव २०२४ मध्यें लिनक्सला आला. अदृश्य चिन्हें वगळण्याचा उपरोक्त नियम सुरक्षिततेच्या कारणास्तव काढून टाकण्यांत आला. वरवर पाहतां मराठीच्या दृष्टीनें ही इष्टापत्तीच होती. परंतु अशा कप्प्यांत प्रत्येक नांवावरून काढलेला एक आंकडा तबकडीवर नोंदलेला असतो, व शोध त्या आंकड्यावरून चालतो. नियम बदलतांच आंकडा काढण्याची रीत बदलली. जुनीं नांवें जुन्या आंकड्याखालीं पडून राहिलीं आणि नव्या रीतीनें तीं सांपडेनात. मार्का तोच, गांठ तीच, पण वहीचें पानच बदललें! डिसेंबर २०२४ मध्यें लिनस टोरवाल्ड्स यांनीं तो बदल मागें घेतला. येथें चूक कोणाची हा प्रश्न गौण आहे. जगांतल्या सर्व तबकड्यांना एकाच वेळीं लागू पडेल असा नियम दूरच्या रचनाकारानें ठरवावयाचा, आणि आपल्या तबकडीवर कोणत्या काळचा माल आहे हें ज्याला ठाऊक त्या व्यवस्थापकाच्या हातीं कांहींच ठेवावयाचें नाहीं, ही विभागणीच सदोष आहे.

व्यवस्थापकास सूट देण्याविरुद्ध जें म्हटलें जातें तेंही पोकळ नाहीं. एकदां वेडेंवांकडें नांव आंत घेतलें कीं तें पुढें प्रवास करूं लागतें. ॲपलच्या एपीएफएस मांडणीवर नेलें कीं तेथला ड्रायव्हर तें नाकारतो. म्हणजे अडचण टळली नाहीं, शेजाऱ्याच्या दारांत गेली. शिवाय हुबेहूब सारखीं दिसणारीं दोन नांवें एका कप्प्यांत ठेवून, एका फाइलीवर विश्वास ठेवणाऱ्यास दुसरी उघडावयास लावणें हा लबाडीचा जुना मार्ग आहे. म्हणून ही सूट ज्याला-त्याला नको. ती मागणाऱ्यानें नांवानिशीं मागावी, कोणत्या कप्प्यापुरती हें सांगावें, आणि दिल्याची नोंद राहावी. पण ती असावी. नाक्यावरच्या कारकुनास शिस्त हवी, तशी त्याच्यावर सही करणारा कोणी अधिकारीही हवा. नाहीं तर शिस्तीचा अर्थ इतकाच होतो कीं, बापाच्या वेळची वही मुलास उघडतां येऊं नये.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यानें काय करावें, हें शेवटीं थोडक्यांत सांगतां येईल. जुनी तबकडी प्रथम कडक शिस्त नसलेल्या कप्प्यांतच उतरवावी, आणि किती फायली आल्या हें मूळ संख्येशीं ताडून पाहावें. मग नांवें बदलावीं. कन्व्हएमव्ही नांवाचें एक साधन आहे, तें आधीं काय बदलेल एवढेंच दाखवितें आणि स्पष्ट आज्ञा दिल्यावांचून एकाही नांवास हात लावीत नाहीं. इस्कीचें रूपांतर करण्याची सोय आयसीयू ह्या ग्रंथालयांत आहे. र-च्या तिन्ही लेखनांपैकीं ०९३१ चें एकच कायम ठेवावें, म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या' कोणत्याही कप्प्यांत वेगळे राहतात. हें झाल्यावर हवी तर शिस्त लावावी. मात्र एक्स्ट-४ मध्यें अक्षरभेद न मानण्याची खूण रिकाम्या कप्प्यावरच लावतां येते, आणि झेडएफएसमध्यें तर विभागच नवा करून सारा माल त्यांत वाहून न्यावा लागतो; तेवढी जागा तबकडीवर मोकळी आहे कीं नाहीं, हें आधीं पाहून ठेवावें.